आधी ओळख, मग नेम

रायफलीवर बसवायला बऱ्यापैकी आणि परवडणारी दुर्बीण कोणती, हा प्रश्न परभणी जिल्ह्यात कुणी विचारत असेल असं बाहेरच्या माणसाला वाटणार नाही. पण तो विचारला जातो. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात, गंगाखेड-पालमकडच्या बालाघाटाच्या कडेला, गोदाकाठच्या उसाच्या शिवारात ज्या थोड्याफार घरांत परवान्याची रायफल आहे, तिथे रब्बीची पेरणी आटोपली की हा विषय निघतोच. रायफल बहुतेक वेळा घरात चालत आलेली .315 असते. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली, लाकडी दस्त्याची, बोल्ट मागे ओढून गोळी भरायची. घरातला तरुण पोरगा मोबाईलवर परदेशातल्या शिकारीचे व्हिडिओ बघतो आणि बापाला म्हणतो, आपणही हिच्यावर स्कोप बसवू, डुक्कर तीनशे मीटरवर असलं तरी टिपता येईल.

मला दुर्बिणींचा नाद आहे हे आमच्या भागात बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून असे लोक माझ्याकडे येतात. पाखरं बघायला म्हणून मी दुर्बीण वापरू लागलो. शेत असल्यामुळे जागलीलाही तीच सोबत नेत गेलो. बंदुकीच्या संगतीत, अंधाऱ्या शिवारात बसून जे पाहिलं त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या भागात रायफलीवरच्या दुर्बिणीसाठी बाजूला काढलेले पैसे आधी गळ्यात अडकवायच्या दुर्बिणीवर खर्च करावेत. हे उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो. त्यामागची कारणं नीट सांगावीत म्हणून हे लिहितो आहे.

पहिल्यांदा एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शेतकऱ्याचा राग खोटा नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत ज्वारीत शिरतो तेव्हा तो खातो थोडं आणि आडवं पाडतो जास्त. कणसापर्यंत तोंड पोचावं म्हणून डुक्कर धाटच मोडतं. भुईमूग तर ते असा उकरतं की सकाळी वाफ्यात नांगर फिरल्यासारखी माती दिसते. परभणीची ज्वारी म्हणजे नुसतं पीक नाही. इथल्या कृषी विद्यापीठाने काढलेलं ‘परभणी मोती’ हे वाण याच मातीच्या नावाने ओळखलं जातं, आणि कडब्यावर घरची जनावरं जगतात. कोवळ्या हरभऱ्यावर हरणं येतात, तुरीत रोही उभे राहतात. जायकवाडीचा डावा कालवा पाथरी-मानवतकडून परभणीपर्यंत आला, मागोमाग ऊस आला, आणि उसाच्या फडात डुकरांना बारमाही आडोसा मिळाला. गोफण, पत्र्याचे डबे, फटाके, बुजगावणं, रंगीत साड्यांची कुंपणं हे सगळं करून झालेला माणूस बंदुकीकडे वळतो. त्याला नावं ठेवण्याचा अधिकार शहरात बसून ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला नाही.

आता कायदा. तो या विषयात आडवा येतो असं लोकांना वाटतं, पण मला तर दुर्बिणीची निवड करताना कायद्याचाच फार उपयोग झाला. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठीच्या परवान्याचा विचार मुळात ठासणीच्या बंदुकीपुरता आहे. ती अपुरी पडेल असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. रायफलीचा परवाना हा वेगळा मामला. .303 सारख्या लष्करी काडतुसांच्या रायफली सामान्य नागरिकाला मिळत नाहीत, म्हणून तर रायफल असलेल्या घरांत बहुधा .315 दिसते. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाच्या नावावर दोनच शस्त्रं राहू शकतात. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. 2024 मध्ये विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि मतदान 20 नोव्हेंबरला झालं. म्हणजे सोयाबीनची काढणी आणि रब्बीची उगवण, दोन्ही त्या काळात आली. ज्यांच्या बंदुका ठाण्यात गेल्या त्यांचे त्यावरचे स्कोपही तिथेच गेले असते. गळ्यातली दुर्बीण कुणी जमा करून घेत नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. रानडुक्कर आणि रोही हे आता त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम 11 खाली वन विभाग त्यांना मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो, आणि परवानगीने मारलेलं जनावरही सरकारचंच राहतं. काळवीट आणि चिंकारा मात्र पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या बाबतीत पिकाचं नुकसान हे कारणच धरलं जात नाही. तुमच्या हरभऱ्याचा पूर्ण वाफा हरणांनी चरून टाकला तरी नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, गोळी घालता येत नाही. एका जनावराला परवानगीने मारता येतं आणि दुसऱ्याला मारलं की तुरुंग. आणि संधिप्रकाशात तुरीच्या ओळींमागे या दोन्ही जनावरांची नुसती तपकिरी पाठच दिसते.

हा फरक काचेतून कसा दिसतो ते सांगतो, कारण खरेदीचा सगळा विचार इथून सुरू होतो. रोहीची मादी आणि वासरू मातकट रंगाचं असतं. हरणाची, म्हणजे काळविटाची, मादीही मातकट, आणि तिला शिंगंही नसतात. आकाराचा अंदाज अंधारात आणि पिकात फसतो, कारण पाय दिसत नाहीत. रोहीच्या खुरांच्या वर पांढरे पट्टे असतात, गळ्याखाली पांढरा डाग असतो, खांदा उंच आणि मागची बाजू उतरती असते. हरणाच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं आणि पोटाचा पांढरा रंग बाजूंवरच्या मातकट रंगापासून एखादी रेघ ओढल्यासारखा वेगळा दिसतो. डुकराच्याही बाबतीत असंच. गावात पाळलेली डुकरं मोकळी फिरतात आणि रात्री शिवारातही जातात. ती कुणाची तरी मालमत्ता असतात. रानडुकराच्या पाठीवर ताठ केसांची आयाळ असते, तोंड लांब, मागचा भाग अरुंद आणि शेपूट सरळ, टोकाला केसांचा झुबका असलेली. पिल्लं पट्टेरी असतील तर शंकाच नको. ही खूण शंभर-दीडशे मीटरवरून, दिवस मावळल्यानंतरच्या अर्ध्या तासात, निवांत बसून, दोन्ही डोळ्यांनी बघता आली पाहिजे. रायफलीवरच्या स्कोपचा जन्म या कामासाठी झालेला नाही.

याहूनही जवळचं कारण माणसांचं आहे. शेतातल्या मोटारींना थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी येते. सौर वाहिन्यांवरून दिवसा वीज देण्याची योजना आली आहे, काही गावांना तिचा लाभ मिळतोही. पण हरभऱ्याला, गव्हाला, उसाला रात्री पाणी देणारा माणूस अजून मराठवाड्यातून गेलेला नाही. म्हणजे ज्या वेळेला डुकरं पिकात शिरतात, नेमक्या त्याच वेळेला डोक्यावरून घोंगडी घेतलेला, वाकून चालणारा माणूस पिकात असतो.

एका थंडीत आम्ही माळ्यावर बसलो होतो. शेजारचे तात्या होते, त्यांच्याकडे वन विभागाची परवानगी होती आणि त्यांची रायफल मांडीवर आडवी होती. समोर ज्वारी, तिच्या पलीकडे दुसऱ्याच्या शेतातला हरभरा. दिवस बुडून गेलेला, पण आभाळात थोडा उजेड शिल्लक. धुऱ्याच्या कडेने काहीतरी काळं, ठेंगणं, थांबत थांबत सरकत होतं. खाली वाकायचं, तोंड मातीत घातल्यासारखं हलायचं, पुढे जायचं. माळ्यावरच्या दोघांनी एका आवाजात सांगितलं, डुक्कर. तात्यांचा हात बोल्टवर गेला. मी म्हटलं, “तात्या, जरा दम धरा, मला बघू द्या.” दुर्बिणीतही आधी नुसता काळा गोळाच दिसला. मग तो थोडा वळला आणि त्याच्या बाजूने एक सरळ काठी वर आली. खोऱ्याचा दांडा होता तो. लाईट लवकर आली म्हणून दांडाचं तोंड फोडायला शेजारचा सालगडी अंगावर पोतं घेऊन आला होता. तात्यांनी रायफल खाली ठेवली आणि त्या रात्री परत उचलली नाही.

तेव्हा तात्यांच्या रायफलीवर स्कोप असता तर त्यांनीही दांडा बघितला असता, असं कुणी म्हणेल. बघितला असता. पण तो बघायला त्यांना भरलेली रायफल त्या माणसावर रोखावी लागली असती. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पाहायचं म्हणजे नळी त्या दिशेला करायची, याला दुसरा मार्ग नाही. ओळख पटायच्या आधीच नेम धरला जातो. बोट घोड्याशी असतं, मनात राग असतो, थंडीने अंग आखडलेलं असतं. आणि .315 ची गोळी चुकली तर किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. आपली जमीन सपाट आणि काळी, गोळी अडवायला टेकाड नाही. त्या वाटेत दुसऱ्याचा आखाडा, दुसऱ्याची मोटार, कुणाची तरी झोपलेली लेकरं असतात. म्हणून परवानगी असली तरी माळ्यावरून खाली, जवळच्या अंतरावर, गोळी मातीत जाईल अशाच कोनातून झाडावी, हे जुन्या जाणत्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. त्या अंतरात स्कोपचं काम फार थोडं उरतं. 60-70 मीटरवर .315 ची स्वतःची साधी खाच आणि माशी पुरते.

नेम काचेमुळे लागतो हा समज मोडायला आपल्याकडेच ताजं उदाहरण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या प्रकारात लक्ष्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो. हाताच्या करंगळीच्या नखाएवढा. आणि त्या रायफलीवर मोठं करून दाखवणारी दुर्बीण लावायला नियमाने बंदी आहे. मागे बारीक छिद्र, पुढे गोल कडं, एवढ्यावर सगळं. बाकी सगळं श्वास, खांदा आणि वर्षानुवर्षांचा सराव. ज्याला 50 मीटरवर स्थिर धरता येत नाही त्याला नऊपट मोठं केलेलं चित्र नऊपट थरथरताना दिसेल, इतकंच.

मग गळ्यातली दुर्बीण कोणती? इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण दुकानात आणि जत्रेत फसवणूक इथेच होते.

दुर्बिणीवर दोन आकडे लिहिलेले असतात, 8×42 किंवा 10×50 असे. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या गोल ठिपक्याचा व्यास मिळतो. 8×42 चा सव्वापाच मिलिमीटर, 10×42 चा 4.2, 7×50 चा सात. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरच्या आसपास उघडते, पन्नाशी-साठीत ती पाचच्या जवळपासच उघडते. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या शेतकऱ्याने 7×50 चं जड धूड गळ्यात बाळगण्यात फारसा अर्थ नाही. त्यातला जास्तीचा प्रकाश त्याच्या बाहुलीत मावतच नाही. विशीतल्या पोराला मात्र ती संध्याकाळी खरोखर उजळ वाटेल. माझ्या मते जागल, पाखरं, माळावरची हरणं आणि अमावस्येचं आभाळ या सगळ्यांना मिळून एकच दुर्बीण घ्यायची तर ती 8×42. दहापट घेणाऱ्यांची हौस मला समजते, पण हाताचा कंप दहापटीत जास्त जाणवतो आणि चित्राची रुंदी कमी होते. चांगली 8×42 शंभर मीटरवर साधारण 13-14 मीटर रुंदीचा पट्टा दाखवते. चारपटीचा सामान्य रायफल-स्कोप त्याच अंतरावर दहा मीटरच्या आसपास दाखवतो, तोही एकाच डोळ्याला आणि निम्म्या आकाराचा. जे बघायचं आहे त्याच्या मानाने गळ्यातली काच जास्तच देते.

जत्रेत आणि रस्त्याकडेला 20×50, 60×60 असे आकडे छापलेल्या आणि पुढच्या भिंगावर माणकासारखा लालभडक रंग असलेल्या दुर्बिणी मिळतात. आकडे बहुधा खोटे असतात. तो लाल मुलामा तांबडा प्रकाश परत फेकतो, त्यामुळे आतलं चित्र हिरवट-निळसर दिसतं. संध्याकाळी, जेव्हा मातकट आणि तपकिरी यातला फरकच ओळखायचा असतो, तेव्हा नेमका तोच रंग नाहीसा होतो. अशा दुर्बिणीत हरणाचं पोट आणि पाठ एकाच रंगाची दिसली तर नवल नाही.

चांगल्या भिंगावर हिरवट किंवा जांभळट, अगदी मंद झाक असते. प्रत्येक काचेच्या पृष्ठभागावर अनेक थर दिलेले असतील तर प्रकाश वाया जात नाही, म्हणून खोक्यावर ‘फुल्ली मल्टी-कोटेड’ लिहिलं आहे का ते बघावं. प्रिझम बाक-4 काचेचे आहेत का हेही विचारावं. दुकानदाराला माहीत नसेल तर दुर्बीण उजेडाकडे करून हातभर लांब धरावी आणि डोळ्याच्या बाजूच्या भिंगात दिसणारा प्रकाशाचा ठिपका पाहावा. तो पूर्ण गोल असेल तर ठीक. कडा करड्या, चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझम हलके आहेत. दुकानाबाहेर उभं राहून रस्त्यापलीकडची विजेची तार आभाळाच्या पार्श्वभूमीवर बघावी. तारेच्या कडेला जांभळी-पिवळी झालर जितकी कमी तितकी काच बरी. दोन-तीन मिनिटं सलग पाहिल्यावर डोळ्यांवर ताण येतो का, हे मात्र सर्वांत महत्त्वाचं. ताण आला तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण जागलीला ती तासभर डोळ्याला लावता येणार नाही. चष्मा असेल तर चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का ते पाहावं.

बसकी, खांदे पडल्यासारखी दिसणारी जुन्या पद्धतीची दुर्बीण आणि सरळ नळ्यांची नवी दुर्बीण, यांत कमी पैशांत जुन्या पद्धतीची जास्त चांगली काच देते. सरळ नळ्यांच्या आतले प्रिझम बारीक कामाचे असतात आणि तो खर्च किमतीत येतो. नामांकित कंपनीची साधी, जुन्या धाटणीची 8×40 किंवा 8×42 सात-आठ हजारांपासून बारा-पंधरा हजारांपर्यंत मिळून जाते. त्याहून वर गेलात तर पावसात न बिघडणारी, आत नायट्रोजन भरलेली मिळेल. आमच्या कोरड्या हवेत तिची गरज थोडी, पण पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते हे खरं. साध्या दुर्बिणीसाठी झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढं केलं तरी वर्षानुवर्षं चालते.

आणि ती लावायची पद्धत. बहुतेक घरांत दुर्बीण येते, पण डोळ्यांना जुळवून कुणी घेत नाही. आधी उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवावं, डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्वच्छ दिसेपर्यंत. मग डावा मिटून उजव्या भिंगाचं कडं फिरवून त्या डोळ्याला तीच पाटी स्वच्छ करावी. कडं कुठल्या खुणेवर आहे ते लक्षात ठेवावं. पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. हे एवढं न केल्यामुळे कित्येक चांगल्या दुर्बिणी कपाटात पडून आहेत.

हे सगळं झाल्यावरही कुणाला रायफलीवर स्कोप हवाच असेल, परवाना नियमात असेल, वन विभागाची परवानगी हातात असेल, तर त्यालाही सांगण्यासारखं आहे. चारपटीचा, 32 मिलिमीटरचा, न बदलणाऱ्या शक्तीचा स्कोप घ्यावा. आतमध्ये हलणारे भाग कमी, म्हणून त्याच पैशात तो जास्त टिकाऊ. प्रकाशाचा ठिपका आठ मिलिमीटरचा, म्हणजे अंधारात मानवी डोळ्याला लागेल तेवढा सगळा. तीन ते नऊपटीचा 40 मिलिमीटरचा स्कोप सगळीकडे खपतो, पण नऊपटीवर त्याचा ठिपका साडेचारवर येतो आणि आपल्या अंतरांना नऊपटीची गरजच नाही. डोळ्यापासून भिंगापर्यंतचं अंतर साडेतीन इंचांच्या आसपास तरी असावं. कमी असेल तर .315 च्या धक्क्याने स्कोपची कड भुवईवर येऊन आपटते. जुन्या .315 वर स्कोप बसवायला जागा केलेली नसते. तिथे कुठल्याही लोहाराकडून भोकं पाडून घेणं हे रायफलीशी आणि स्वतःशी वैर आहे. शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडेच जावं, आणि बसवायचे कंस स्कोपइतक्याच काळजीने निवडावेत. स्वस्त स्कोप बहुधा काचेमुळे फसत नाही, तो धक्क्यांनी जागा सोडतो. एका गोळीनंतर नेम जिथे होता तिथेच आहे याची खात्री देता येत नसेल तर त्या स्कोपपेक्षा साधी माशी हजारपट बरी. आणि रात्री दिसणारे स्कोप घेण्याच्या भानगडीत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेला विचारल्याशिवाय कुणी पडू नये.

पोरांच्या हातातल्या छऱ्याच्या बंदुकांबद्दलही इथेच सांगून टाकतो. 4.5 मिलिमीटरच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून तिच्यावर स्कोप लावून पारवे-होले मारायला मोकळीक आहे असं अनेकांना वाटतं. तशी मोकळीक नाही. वन्यजीव कायदा छऱ्यालाही लागू आहे. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो, त्याने साधा स्कोप काही दिवसांत खिळखिळा होतो. पोराला नेमबाजीची खरी आवड असेल तर त्याला उघड्या नेमाने कागदावर शिकवावं.

बंदुकीकडून दुर्बिणीकडे जाण्याचा रस्ता आपल्याकडे नवीन नाही. सलीम अली लहानपणी एअर गनने चिमण्या मारत. त्यातल्याच एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्ड यांच्याकडे गेले आणि तिथून त्यांचा सारा जन्म पाखरांत गेला. पुढे 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्या काळात पक्षी नक्की कोणता हे ठरवायला तो मारून हातात घ्यावा लागे. आज तेच काम पंधरा हजारांच्या आतली काच करते, आणि पाखरू उडून जातं. आमच्या भागातल्या शाळेतल्या पोरांच्या हातात मी अधूनमधून माझी दुर्बीण देतो. थंडीत येलदरीच्या पाण्यावर बदकं दाखवतो, रात्री गुरूचे चंद्र दाखवतो. चार बारीक ठिपके एका ओळीत, तेही हात भिंतीला टेकवला तरच. ज्या घरात रायफल आहे त्या घरातली पोरं सर्वांत जास्त वेळ बघतात, हे मी नेहमी पाहिलं आहे.

तात्यांच्या आखाड्यावर आता दुर्बीण आहे. रायफलही आहे. परवानगी दरवर्षी काढतात, पण गोळी क्वचितच झाडतात. दुर्बीण आल्यापासून त्यांना डुकरं कुठून शिरतात ती वाट कळली. नाल्याकडच्या कोपऱ्यातून, नेहमी त्याच दोन जागांतून. तिथे त्यांनी कुंपण पक्कं केलं. सगळं नुकसान थांबलं असं मी म्हणणार नाही, डुक्कर हुशार जनावर आहे. पण त्यांच्या ज्वारीचं पडणं कमी झालं हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

घ्यायला जाल तेव्हा भरदुपारी जाऊ नका. दुपारच्या उन्हात कुठलीही काच चांगलीच दिसते. दिवस मावळायच्या सुमाराला जा, दुर्बीण दुकानाबाहेर आणून समोरच्या बोळातल्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघा, आणि तिथे उभ्या माणसाचा चेहरा ओळखू आला तरच पैसे द्या.